पुस्तकांवरची बुरशी पुसली तरी परत का येते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भिंतीला टेकलेल्या लाकडी कपाटातल्या पुस्तकांवर पांढरट-हिरवी बुरशी धरली. तुम्ही ती ओल्या फडक्याने पुसली, व्हिनेगर फवारलं, दोन दिवस कडक ऊन दिलं, मग कपाटात सिलिका जेलच्या पुड्या आणि डांबराच्या गोळ्या ठेवल्या. पाच आठवड्यांत बुरशी पुन्हा हजर. घरातल्या मुलीला दमा आहे, त्याच कपाटातल्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्येही जाळं दिसायला लागलंय आणि आता तुम्हाला बुरशी मारणारं आणखी जालीम औषध हवंय.

औषधाचं नंतर बघू. बुरशीचे बीजाणू हवेत कायम तरंगत असतात. तुमच्या घरात आहेत, माझ्या कामाच्या टेबलावर आहेत, आत्ताच छापून आलेल्या पुस्तकावरही आहेत. आज सगळे मारले तरी उद्या दार उघडल्यावर नवे येऊन बसतील. ते रुजतात की नाही, हे ठरतं त्यांच्या बुडाखालच्या पाण्यावर. म्हणून तुमच्या कपाटाला पाणी कुठून मिळतंय, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा लोकांना वाटतं तिथे नसतं.

हवेची सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जितकं बाष्प धरू शकते, त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात आहे ते) ६५ टक्क्यांच्या खाली राहिली तर पुस्तकांवरच्या बहुतेक बुरश्या हालचाल करत नाहीत. ६५ ते ७५च्या पट्ट्यात ॲस्परजिलस कुळातल्या काही चिवट, कोरड्यात तग धरणाऱ्या जाती हळूहळू वाढतात. कापडी बांधणीवर दिसणारी फिकट, पिठासारखी बुरशी बहुधा यांचीच असते. ८०च्या वर गेलात की पेनिसिलियम आणि बाकीची मंडळीही सामील होतात, आणि मग आठवडाभरात चित्र पालटतं. जिवाणूंना मात्र याहून बरंच जास्त पाणी लागतं. त्यामुळे नुसत्या सादळलेल्या कागदावर ते सहसा दिसत नाहीत, प्रत्यक्ष भिजलेल्या कागदावर दिसतात.

आता हिशेब करू. खोलीत तापमान ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के आहे असं धरा. अशा एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम बाष्प असतं. कपाटातली मोकळी जागा अर्धा घनमीटर असली तर १२ ग्रॅम. बस, इतकंच. पण कागद स्वतः पाणी धरतो. ५० टक्के आर्द्रतेत त्याच्या वजनाच्या सहा-सात टक्के पाणी त्यात असतं, ८० टक्क्यांत ते दहा-अकरा टक्क्यांवर जातं. मीटरभर लांबीच्या चार फळ्या भरून पुस्तकं असली तर त्यांचं वजन सहज १०० किलो भरतं. म्हणजे पुस्तकं कोरडी करायची तर त्यांच्यातून चार लिटरच्या आसपास पाणी बाहेर काढावं लागेल. सिलिका जेलची ५० ग्रॅमची पुडी या कामात १२ ते १५ ग्रॅम पाणी घेते आणि थांबते. दहा पुड्या ठेवल्यात तरी दीडशे ग्रॅम. तुम्ही पुस्तकांवरची बुरशी पुसलीत, पण पोटातलं चार लिटर पाणी तसंच राहिलं. कपाटाचं दार लावल्यावर पुस्तकांनी कपाटातली हवा पुन्हा दमट केली. पाच आठवडे लागले हेच विशेष.

त्यामुळे सगळ्यात आधी आर्द्रतामापक घ्या. साधा डिजिटल चालतो, पण त्याच्या आकड्यावर आंधळा विश्वास नको, पाच-सात टक्क्यांचा फरक सर्रास असतो. तो तपासायची पद्धत सोपी आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून त्याचा ओला रवाळ लगदा करा. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. ते झाकण आणि मापक हवाबंद डब्यात शेजारी शेजारी ठेवून १२ तास सोडा. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा सामान्य तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ७० दाखवत असेल तर यापुढे प्रत्येक आकड्यात पाच मिळवायचे.

मग मधल्या फळीवरचं एक जाड पुस्तक आणि मापक झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून, जमेल तितकी हवा काढून, एक दिवस ठेवा. पिशवीत हवा इतकी थोडी असते की तिची आर्द्रता पुस्तकच ठरवतं. २४ तासांनी दिसणारा आकडा खोलीचा नसतो, पुस्तकाच्या पोटातला असतो. तो ६०च्या खाली असेल तर पुस्तक वाळलं. ७०च्या वर असेल तर बाहेरून कितीही कोरडं लागलं तरी ते अजून ओलं आहे. मी वाळवण पूर्ण झाली की नाही हे याच आकड्यावर ठरवतो. हाताला कागद कोरडा लागतोय, हा पुरावा मी धरत नाही.

दुसरं संशयित म्हणजे भिंत. खोलीतली हवा ३० अंश आणि ७० टक्के असताना कपाटामागची भिंत २५ अंशांवर असेल, तर भिंतीला चिकटलेल्या हवेच्या थराची आर्द्रता जवळपास ९४ टक्के होते. खोलीत काही जाणवत नाही, पण कपाटाच्या मागे वर्षभर पावसाळा असतो. कपाट पुढे ओढून मागच्या प्लायची बाहेरची बाजू बघा, पुष्कळदा बुरशीचं मूळ ठाणं तिथेच सापडतं. भिंतीत ओल मुरतेय की हवेतलं बाष्प तिच्यावर जमतंय, हे ओळखायला दोन वीत लांब-रुंद प्लास्टिक कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बंद करा आणि दोन दिवस थांबा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय: नळ, गळती, बाहेरच्या गिलाव्याच्या भेगा. बाहेरच्या बाजूला आले तर हवेतून येतंय. पहिल्या बाबतीत गळती थांबवल्याशिवाय पुस्तकांवर केलेली मेहनत वाया जाते. दुसऱ्या बाबतीत कपाट भिंतीपासून आठ-दहा सेंटिमीटर आणि जमिनीपासून दहा सेंटिमीटर दूर केलं तरी पुष्कळ फरक पडतो.

आता मुलीबद्दल, कारण साफसफाईची पद्धत त्यावरून ठरते. बुरशीचा माणसाला त्रास होतो तो मुख्यतः तीन प्रकारे. ॲलर्जी: बीजाणूंवरच्या प्रथिनांना शरीर प्रतिक्रिया देतं. ॲस्परजिलसचे बीजाणू दोन ते पाच मायक्रॉनचे असतात, म्हणजे नाकात न अडकता फुप्फुसात खोलवर जाण्याइतके बारीक. दुसरा प्रकार संसर्गाचा. निरोगी माणसाच्या फुप्फुसातल्या पेशी हे बीजाणू रोज गिळून टाकतात. अवयवरोपण झालेले, केमोथेरपी घेणारे किंवा दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्यांवर असलेले यांच्यात मात्र तेच बीजाणू रुजू शकतात. तिसरा प्रकार म्हणजे बुरशीतून सुटणारे वायू आणि विषारी द्रव्यं. कुबट वास येतो तो त्या वायूंचाच, आणि त्याने डोकं दुखणं, डोळे-घसा चुरचुरणं होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओल-बुरशीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत ओल आणि दमा बळावणं यांचा संबंध स्पष्ट मांडलेला आहे.

ॲलर्जीच्या बाबतीत एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. मेलेला बीजाणूसुद्धा त्रास देतो, कारण प्रथिनं तशीच असतात. म्हणजे मुलीच्या दृष्टीने बुरशी मारण्याने काही साधत नाही, ती घरातून काढावी लागते. आणि काढताना ती घरात उधळली, तर न काढलेली बरी होती. काम चालू असताना आणि नंतर निदान एक दिवस मुलीला त्या खोलीत येऊ देऊ नका. तिचा दमा अलीकडे वाढला असेल तर घरात बुरशी आहे हे तिच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

जाता जाता: पुस्तकावर काळी बुरशी दिसली की म्युकरमायकोसिसच्या भीतीने लोक हादरतात. त्या आजाराला बोलीभाषेत काळी बुरशी म्हणतात ते मृत ऊती काळ्या पडतात म्हणून. ती बुरशी स्वतः पांढरट-करड्या रंगाची असते. पुस्तकावरचा काळा थर बहुधा ॲस्परजिलस नायजर किंवा तसल्याच एखाद्या जातीचा असतो. रंगावरून धोका ओळखता येत नाही. सगळ्या बुरशीला सारख्याच काळजीने हात लावायचा.

तुमचे आधीचे उपाय कुठे फसले तेही सांगतो, म्हणजे पुन्हा होणार नाहीत. ओल्या फडक्याने बीजाणू कापडाच्या विणीत आणि कागदाच्या तंतूंत दाबले जातात, वर त्यांना पाणी मिळतं. व्हिनेगर म्हणजे ९५ टक्के पाणी आणि उरलेलं ॲसिटिक आम्ल. कागदाचा सेल्युलोज आम्लाने तुटतो, आणि कित्येक बुरश्यांना इतक्या सौम्य आम्लाचं काहीच वाटत नाही. ऊन वरचा थर वाळवतं, पण अतिनील किरण बंद पुस्तकाच्या आत जात नाहीत. शिवाय पुठ्ठा एका बाजूने भराभर सुकून वाकतो आणि स्वस्त कागद पिवळा पडतो. डांबराच्या गोळ्या कसरीसाठी असतात. बुरशीवर त्यांचा उपयोग नाही आणि दम्याच्या रुग्णाच्या घरात त्या नकोतच. ब्लीच तुम्ही वापरलं नाहीत हे उत्तम केलंत. कागदाची ते चाळण करतं, आणि व्हिनेगर लावलेल्या जागी पडलं असतं तर क्लोरीन वायू सुटला असता.

साफसफाईला बसण्याआधी बुरशी जागी आहे की झोपलेली, ते बघा. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली जागी बुरशी लोकरीसारखी मऊ, ओलसर दिसते. ब्रश टेकवला की ती फासली जाते, गंधासारखा पट्टा उमटतो. झोपलेली बुरशी भुकटीसारखी असते आणि ब्रशच्या एका फटक्यात उचलली जाते. जागी असेल तर हात लावू नका. आधी पुस्तकं कोरड्या खोलीत, पानं किंचित उघडी राहतील अशी उभी ठेवा. वातानुकूलन किंवा आर्द्रता शोषणारं यंत्र लावून खोली ५० ते ५५ टक्क्यांवर आणा. पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवा, पुस्तकांवर थेट वारा नको. फार सादळलेल्या पुस्तकात दर वीस-पंचवीस पानांनंतर टीपकागद घाला आणि रोज बदला. सगळे टीपकागद मिळून पुस्तकाच्या जाडीच्या पाचव्या भागापेक्षा जास्त झाले तर कणा फाटतो. जाड पुस्तकाला वाळायला दोन-तीन आठवडे लागतात, कारण पाणी फक्त कडांमधून बाहेर पडतं. खोली ४० टक्क्यांच्या खाली नेऊन घाई करू नका. कातडं आणि सरस तडकतात.

पुस्तकं नुसती दमट नसून भिजलेली असती तर सल्ला वेगळा होता. भिजलेल्या कागदावर ४८ तासांत बुरशी उगवू शकते, आणि तेवढ्या वेळात शंभर पुस्तकं कोणी वाळवू शकत नाही. अशा वेळी ती पिशव्यांत घालून उणे १८ अंशांवर गोठवतात. १९७२ साली अमेरिकेतल्या कॉर्निंग काच संग्रहालयाच्या ग्रंथालयात पुराचं पाणी शिरलं, तेव्हा हजारो पुस्तकं अशीच गोठवून मग सवडीने वाळवली गेली. गोठवल्याने बीजाणू मरतीलच असं नाही. फक्त वाढ थांबते आणि तुम्हाला वेळ मिळतो.

वाळलेल्या पुस्तकांची सफाई उघड्यावर, वारा पाठीमागून येईल असं बसून करा. एन-९५ मास्क नाकाच्या दांडीवर दाबून घट्ट बसवा. कापडी किंवा साधा सर्जिकल मास्क कडांतून गळतो. नायट्राइलचे हातमोजे, बंद चष्मा, आणि काम झाल्यावर थेट धुवायला टाकता येतील असे कपडे. पुस्तक एका हातात घट्ट मिटून धरा. ते सैल असलं तर वरच्या कडेवरचे बीजाणू पानांच्या फटीत उतरतात. मऊ, रुंद ब्रशने आधी वरची कड कण्याकडून बाहेरच्या दिशेने झाडा, मग पुढची, मग खालची. त्यानंतर पुठ्ठे आणि कणा. शेवटी पुस्तक उघडून पुठ्ठा आणि पहिलं पान यांच्यामधली घडी नीट बघा. तिथे खळ असते, आणि खळ म्हणजे स्टार्च, म्हणून बुरशी तिथे हटकून दडलेली असते. हेपा फिल्टरचा, म्हणजे बीजाणूंइतके बारीक कणही अडवणाऱ्या गाळणीचा, व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याच्या तोंडावर बारीक जाळी बांधून, ताकद कमी ठेवून, झाडलेली धूळ ब्रशच्या टोकापाशीच ओढून घ्या. साधा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. तो पुढून बीजाणू ओढतो आणि मागून खोलीभर उडवतो.

यानंतर हवं तर ७० टक्के इथेनॉल. शुद्ध अल्कोहोलपेक्षा ७० टक्क्यांचं जास्त परिणामकारक असतं, कारण प्रथिनं गोठायला थोडं पाणी लागतं आणि शुद्ध अल्कोहोल काम व्हायच्या आधीच उडून जातं. ९५ टक्क्यांचं मिळालं तर ७४ मिलिलिटर घेऊन पाण्याने १०० मिलिलिटरपर्यंत भरा. कापसाचा बोळा भिजवून पिळा आणि आधी आतल्या कोपऱ्यात चाचणी घ्या: बॉलपेन, शिक्क्याची शाई, रंगीत कापड आणि लाखेचा मुलामा अल्कोहोलने सुटतात. पुठ्ठ्यावर ठीक आहे, छापील पानांवर मी सहसा लावत नाही. कातडी बांधणीवर तर अगदीच जपून, कारण त्यातला तेलाचा अंश निघून जातो. आसपास ज्योत नको, खिडकी उघडी हवी. याने वरवरचे तंतू मरतात. बीजाणू सगळे मरत नाहीत, आणि अल्कोहोल उडून गेल्यावर त्याचा कसलाही पहारा मागे उरत नाही.

डाग जातील का, असंही तुम्ही विचारलंय. जाणार नाहीत. बुरशी कागद चघळत नाही. ती तंतूंमधून विकरं बाहेर सोडते, सेल्युलोज, स्टार्च, सरस यांचं बाहेरच विरघळवून पाणी करते आणि ते शोषून घेते. सोबत आम्लं आणि रंगद्रव्यं कागदात मुरतात. भुकटी झाडली तरी डाग राहतो आणि त्या जागी कागद टीपकागदासारखा लिबलिबीत होतो. ब्लीचिंग करून डाग उडवण्याच्या भानगडीत घरी पडू नका, उरलेलं बळही जाईल.

जालीम औषधाबद्दल शेवटी एवढंच सांगतो. फ्रान्समधल्या लास्को गुहेतली प्राचीन चित्रं १९४० साली सापडली, १९४८ला लोकांसाठी खुली झाली आणि पाहुण्यांच्या श्वासातलं बाष्प, कार्बन डायऑक्साइड, दिव्यांखाली वाढलेलं शेवाळ यांमुळे १९६३ला बंद करावी लागली. २००१ साली तिथे फ्युजेरियम सोलानीची पांढरी बुरशी पसरली. जंतुनाशकं, प्रतिजैविकं, चुना, सगळं झालं. ती आटोक्यात येते न येते तोच काळे डाग देणाऱ्या दुसऱ्याच बुरश्या आल्या. तिथे भिंती ओल्याच राहणार होत्या, त्यामुळे औषधाशिवाय पर्याय नव्हता. तुमचं कपाट वाळू शकतं. विमानाच्या इंधनटाकीतही हाच खेळ चालतो: केरोसीन खाणारी बुरशी टाकीच्या तळाशी साचलेल्या थोड्याशा पाण्याच्या थरावर वाढते, म्हणून तळाचं पाणी वेळोवेळी काढून टाकणं हाच तिथला नेहमीचा इलाज आहे.

कपाट परत भरण्याआधी ते रिकामं करून हेपाने ओढा, साबणाच्या पाण्याने आणि नंतर अल्कोहोलने पुसा, आणि दारं उघडी ठेवून मापक ६०च्या खाली येईपर्यंत थांबा. मागचा प्लाय फुगलेला असेल तर बदलाच, त्याच्या पापुद्र्यांत शिरलेली बुरशी निघत नाही. फळ्यांवर पुस्तकं खचाखच भरू नका. बोट सहज शिरेल इतकी सैल असू देत, मागे तीन-चार सेंटिमीटर जागा सोडा. 'हवा खेळती हवी' म्हणून बाहेर ९० टक्के आर्द्रता असताना खिडक्या उघडू नका, त्याने ओल आत येते. बाहेरची हवा कोरडी असेल त्याच वेळी उघडा. दार बंद करून एक दिवस झाल्यावरचा आकडा आठवड्यातून एकदा वहीत लिहा. सलग दोन आठवडे ६५च्या वर दिसला तर बुरशी दिसायची वाट न बघता पुस्तकं पुन्हा वाळवायला काढा.

कोणती पुस्तकं ठेवायची हे मी इथून सांगू शकत नाही. बाजारात सहज मिळणारं आणि पानोपानी डागाळलेलं पुस्तक असेल, तर दम्याच्या मुलीच्या घरात ते जपण्यात अर्थ नाही, पिशवीत बंद करून टाकून द्या. हस्तलिखितं, सह्या असलेल्या प्रती, जुनी कातडी बांधणी यांना वरचं अल्कोहोल वगैरे काही न करता फक्त वाळवा आणि कागदपत्रांचं जतन करणाऱ्या माणसाकडे न्या. मजकूरच हवा असेल तर पानांचे फोटो काढून मूळ प्रत निकाली काढायला हरकत नाही.

राहिली लेन्स. काच बुरशीचं अन्न नाही. ती धुळीवर आणि तेलकट थरावर जगते. पण तिच्यातून सुटणारी आम्लं काचेवरचा लेप आणि पुढे काचही कोरतात, म्हणून इथे उशीर महागात पडतो. लेन्समागे टॉर्च धरून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे फक्त पुढच्या किंवा मागच्या काचेवर बाहेरून असतील तर लेन्स साफ करायच्या द्रवाने पुसून निघतील. आतल्या भिंगांवर असतील तर ती उघडावी लागते, ते काम दुरुस्ती करणाऱ्याचंच. साफ केल्यावरही धाग्यांच्या जागी फिकट रेषा दिसल्या तर लेप गेला असं समजा. पुढे लेन्स पुस्तकांच्या कपाटात नको, रबरी कडेच्या हवाबंद डब्यात ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. त्या डब्यात कागद नसतो, त्यामुळे जे सिलिका जेल कपाटात हरलं तेच इथे पुरतं. दहा लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम पुष्कळ झालं. आकडा ५०च्या वर चढला की जेल १२० अंशांवर दोन-तीन तास भाजून पुन्हा वापरा. लेन्सची कातडी पिशवी मात्र डब्याबाहेर ठेवा, तीही कागदासारखीच पाणी धरते.